बदली खेळाडू आणि न चुकलेले ७४४ सामने

१२ जानेवारी २०२३ या दिवशी फिलिपिन्सच्या अध्यक्षांनी एका कायद्यावर सही केली. कायदा क्रमांक ११९३७. अख्खा कायदा एका माणसासाठी होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी जन्मलेला बास्केटबॉलपटू जस्टिन ब्राउनली याला फिलिपिन्सचं नागरिकत्व द्यायचं, एवढंच त्यात होतं. तीन दिवसांनी, रविवारी, त्या माणसाने ५४,५८९ प्रेक्षकांसमोर ३४ गुण काढले आणि बारांगाय हिनेब्रा या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. सोमवारी एका सेनेटरसमोर उजवा हात वर करून त्याने नागरिकत्वाची शपथ घेतली.

त्या काळात मी नोकरीनिमित्त मनिलात होते. बास्केटबॉलशी माझा संबंध शाळेच्या मैदानावरच्या गंजलेल्या कड्यापुरता. पण मनिलात राहून बास्केटबॉलपासून लांब राहता येत नाही. गल्लीच्या टोकाला, चर्चच्या अंगणात, दोन घरांच्या मधल्या बोळात, माडाच्या खोडाला ठोकलेल्या फळीवरसुद्धा कडं लावलेलं असतं. पायात स्लिपर घालून पोरं रात्री दिव्याखाली खेळत असतात. अमेरिकी राजवटीत शाळांमधून आणि वायएमसीएमधून हा खेळ इथे आला आणि मुरला. १९५४ साली रिओ द जानेरोच्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सने कांस्यपदक जिंकलं होतं. सरासरी उंची बेताची असलेल्या माणसांनी उंच माणसांच्या खेळावर असा जीव लावावा, याचं मला आधी नवल वाटायचं. पुढे ते वाटेनासं झालं, कारण संध्याकाळी जेवायला जायचे त्या खानावळीतल्या टीव्हीसमोर मीही बसू लागले.

तिथल्या व्यावसायिक लीगचं नाव फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन, सगळे पीबीए म्हणतात. ९ एप्रिल १९७५ ला सुरू झालेली ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. यातले संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात. मेराल्को ही वीज कंपनी, एनलेक्स हा टोलचा महामार्ग, रेन ऑर शाइन हा रंग, मॅग्नोलिया म्हणजे कोंबडी आणि आइस्क्रीम, टीएनटी म्हणजे मोबाइलचं सिमकार्ड. क्रिकेटच्या टाइम्स शील्डमध्ये टाटा, निर्लॉन, मफतलाल यांचे सामने ज्यांनी मुंबईच्या मैदानांवर पाहिले, त्यांना कंपनीचा संघ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की मनिलात या संघांसाठी लोक भांडतात, रडतात आणि नवसही बोलतात.

हिनेब्रा हे एका जिनचं नाव. १८३४ पासून चालत आलेली, गरिबाच्या खिशाला परवडणारी दारू. बाटलीवरच्या चित्रात देवदूत मायकेल तलवार उगारून सैतानाला तुडवतो आहे, आणि ते चित्र फर्नांदो अमोर्सोलो या मोठ्या चित्रकाराने ऐन तरुणपणी काढलेलं आहे. दारूच्या कंपनीचा संघ देशातला सर्वांत लाडका संघ कसा झाला? याचं उत्तर विचाराल त्याच्या तोंडी एकच नाव येतं, रॉबर्ट जावोर्स्की. १९८५ च्या ऑक्टोबरातला सामना. प्रतिस्पर्ध्याचं कोपर लागून जावोर्स्कीचा ओठ फाटला. त्याला दवाखान्यात नेलं, टाके घातले. संघ मागे पडलेला. आणि हा माणूस शेवटच्या टप्प्यात परत मैदानात आला. त्याला पाहून प्रेक्षक पेटले, संघ पेटला आणि हिनेब्राने सामना खेचून आणला. ‘नेव्हर से डाय’ हे ब्रीद त्या दिवसापासूनचं. जावोर्स्की एकाच वेळी खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. पन्नाशी उलटल्यावरही तो मैदानात उतरायचा, आणि १९९८ साली लोकांनी त्याला निवडून सेनेटमध्ये पाठवलं.

ही झाली पूर्वपीठिका. मला सांगायचंय ते २०२२-२३ च्या मोसमाबद्दल. पीबीएचा तो मोसम तीन स्पर्धांचा होता. पहिली फिलिपाइन कप, त्यात फक्त देशी खेळाडू. दुसरी कमिशनर्स कप आणि तिसरी गव्हर्नर्स कप, या दोन्हींत प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता यायचा. त्याला तिथे सरळ ‘इम्पोर्ट’ म्हणतात. आयात केलेला माल म्हणावा तसं. माल पसंत पडला नाही तर आठवड्याभरात परत पाठवतात आणि दुसरा मागवतात. इम्पोर्टचं आयुष्य सुटकेसमध्येच जातं.

ब्राउनलीही २०१६ मध्ये असाच आला होता. हिनेब्राने आणलेला पॉल हॅरिस पहिल्याच सामन्यात अंगठा दुखावून बसला आणि त्याच्या जागी तातडीने बदली म्हणून कुणीतरी हवं होतं. त्या वेळी हिनेब्राला अजिंक्यपद मिळून आठ वर्षं झाली होती. लोक दर स्पर्धेला आशेने यायचे आणि मान खाली घालून घरी जायचे. १९ ऑक्टोबर २०१६ ला क्युबाओच्या अरानेता कोलिसियममध्ये मेराल्कोविरुद्ध अंतिम मालिकेचा (आधी चार सामने जिंकेल त्याचा करंडक) सहावा सामना होता. शेवटच्या क्षणांत बरोबरी होती. ब्राउनलीने कमानीच्या बाहेरून, म्हणजे तीन गुणांच्या अंतरावरून, चेंडू सोडला, बझर वाजला आणि चेंडू जाळीतून खाली आला. ९१-८८, आणि अजिंक्यपद हिनेब्राचं. खानावळीच्या मालकीणबाईंना आम्ही सगळे ‘आते’ म्हणायचो, म्हणजे थोरली बहीण. त्या हे सांगायच्या तेव्हा चेंडू सुटला त्या क्षणी आपल्या हातात कुठलं भांडं होतं हेही सांगायच्या.

बदली म्हणून आलेला हा माणूस मग दर वर्षी येत राहिला. २०१७, २०१८, २०१९, मग साथीनंतर २०२१ चा मोसम. त्या प्रत्येक मोसमात त्याने एक अजिंक्यपद आणलं. अमेरिकेतल्या एनबीए या मोठ्या लीगने त्याला कधी जागा दिली नाही. इथे रस्त्यावर पोरं त्याचं नाव पाठीवर छापून हिंडत. त्याचा खेळ मला आवडायचा तो एका गोष्टीसाठी. इम्पोर्टने गुण काढायचे आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, अशी तिथली रीत. ब्राउनली मात्र चेंडू वाटत राहायचा. साध्या, कमी पगाराच्या देशी खेळाडूला मोकळी जागा दिसली की पास तिकडेच. टिम कोन या प्रशिक्षकाची पद्धतही तशीच आहे. कोन स्वतः लहानपणी फिलिपिन्समध्ये आलेला अमेरिकी, १९८९ पासून पीबीएत शिकवतो आहे. हे दोघे परदेशी, पण देशाचा सगळ्यात देशी संघ यांच्याच हातात होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर २०२२ चा मोसम. फिलिपाइन कपमध्ये हिनेब्रा उपउपांत्य फेरीतच मेराल्कोकडून हरला. यावर फार लिहिण्यासारखं नाही, लोक हळहळले आणि कामाला लागले. खरी गंमत सप्टेंबरात कमिशनर्स कपला सुरुवात झाली तेव्हा आली. त्या वर्षी लीगने एक पाहुणा संघ बोलावला होता, बे एरिया ड्रॅगन्स. मूळ हाँगकाँगचा, चिनी खेळाडूंचा भरणा असलेला. प्रशिक्षक ब्रायन गोर्जियन, ज्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला कांस्यपदक मिळवून दिलं होतं. संघात लिऊ चुआनशिंग नावाचा साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा सेंटर, म्हणजे कड्याजवळ खेळणारा खेळाडू. मायल्स पॉवेल आणि अँड्र्यू निकल्सन असे दोन तगडे इम्पोर्ट आलटून पालटून. निकल्सन तर एनबीएत खेळून आलेला.

पाहुणा म्हणून आलेला हा संघ एकेकाला लोळवत अंतिम फेरीत पोहोचला. मग लोकांना १९८० सालची निकोलस स्टूडली ही अमेरिकी टीम आठवू लागली. पाहुणी म्हणून आली आणि करंडक घेऊन गेली. तसं पुन्हा होणार का, हा प्रश्न ऑफिसच्या लिफ्टमध्ये, जीपनी म्हणजे तिथल्या सार्वजनिक गाडीत, सगळीकडे. त्यातून समोर चीनचं नाव लागलेला संघ. दक्षिण चीन समुद्रातल्या बेटांवरून आणि मासेमारीवरून त्या देशात रोज काय वाचायला मिळतं ते पाहिलं, तर या मालिकेला खेळापलीकडचं वजन का आलं ते कळतं. मला मात्र एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ड्रॅगन्सच्या खेळाडूंना प्रेक्षकांनी वाईट वागवलेलं मी पाहिलं नाही. चांगल्या फटक्याला टाळ्या पडायच्या. लिऊ बरोबर फोटो काढायला पोरं रांग लावायची.

अंतिम मालिकेचा पहिला सामना २५ डिसेंबरला. नाताळच्या दिवशी पीबीएचा सामना ही तिथली जुनी रीत. नऊ पहाटेच्या प्रार्थना आटोपलेल्या असतात, आदल्या मध्यरात्री सगळं घर एकत्र जेवलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं हॅम खात सामना बघायचा. तो सामना हिनेब्राने जिंकला. दुसरा ड्रॅगन्सने. तिसरा हिनेब्राने, चौथा ड्रॅगन्सने. पाचवा यांचा, सहावा त्यांचा, तोही तीन गुणांनी. हिंदोळ्यासारखी ती मालिका एकदा इकडे, एकदा तिकडे. मधल्या काळात ड्रॅगन्सचा निकल्सन जखमी झाला आणि आधी जखमी झालेला पॉवेल पुरता बरा न होताच परत उभा राहिला. त्याचं मला कौतुक वाटलं आणि त्या दिवसापुरती मी खानावळीत एकटी पडले.

सातवा सामना फिलिपाइन अरेनात. हे मैदान मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतातल्या बोकाउएजवळ आहे, एका चर्चच्या मालकीचं, पंचावन्न हजार माणसं बसतील एवढं मोठं. तिकडे जायला एकच मोठा महामार्ग, आणि सामन्याच्या दिवशी त्यावर जे होतं त्याला वाहतूक म्हणणं कठीण. लोक सकाळीच निघाले होते. भाताचे डबे, लहान मुलं, म्हाताऱ्या आया, सगळ्यांना घेऊन. आमच्या इमारतीचा पहारेकरी, ज्याला आम्ही ‘कुया’ म्हणजे दादा म्हणायचो, रात्रपाळी करून न झोपता तसाच गेला. मी गेले नाही, टीव्हीवर पाहिलं. याची रुखरुख अजून आहे.

सामना शेवटी चुरशीचा झालाच नाही. ११४-९९. ब्राउनलीचे ३४ गुण मी वर सांगितले, पण त्याचे १२ असिस्टही होते, म्हणजे बारा वेळा त्याने दुसऱ्याच्या हातून गुण करवले. स्कॉटी थॉम्पसन हा दावावकडचा मुलगा, उंची जेमतेम सहा फूट, पण रिबाउंड, म्हणजे कड्यावरून परतलेला चेंडू, घ्यायला उंच माणसांच्या घोळक्यात असा घुसतो की त्याला मोजमाप लागू पडत नाही. म्युनिकला जन्मलेला, फिलिपिनो आईचा मुलगा ख्रिश्चन स्टँडहार्डिंगर मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हिनेब्राचं पंधरावं अजिंक्यपद, कोनचं पंचविसावं. ५४,५८९ हा आकडा पीबीएच्या इतिहासातल्या गर्दीचा उच्चांक. आधीचाही उच्चांक हिनेब्राचाच होता, २०१७ चा, त्याच मैदानावरचा.

दुसऱ्या दिवशी ब्राउनलीची शपथ. त्याच्या नागरिकत्वाचं विधेयक संसदेत चर्चेला होतं ते मुख्यतः राष्ट्रीय संघासाठी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका संघात असा एकच नागरिकत्व मिळालेला खेळाडू चालतो. हिशेब सरळ आहे, देशाला उंच, चांगला खेळाडू हवा. पण लोकांनी तो हिशेब मनावर घेतला नव्हता. खानावळीतल्या आतेंनी मला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की कागद आज झाला असेल, माणूस केव्हाच आमचा झालाय. सात वर्षं तो येत राहिला, हेच त्यांच्यासाठी पुरेसं होतं.

फेब्रुवारीत तो राष्ट्रीय संघाकडून पहिल्यांदा खेळला, त्याच फिलिपाइन अरेनात, आणि लेबनॉनला हरवलं.

इकडे मोसमाला विसावा असा नाहीच. सातव्या सामन्यानंतर आठवड्याभरात गव्हर्नर्स कप सुरू झाली. आणि या मोसमाची दुसरी गोष्ट इथे येते. माझ्या दृष्टीने ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

लुईस आल्फ्रेड तेनोरियो, सगळ्यांचा एलए. बातांगास प्रांतातल्या नासुग्बूचा. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाची चाल ठरवणारा. २०१६ च्या त्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हाच होता, पण ब्राउनलीच्या शेवटच्या फटक्याखाली ते झाकून गेलं. २००६ मध्ये तो सॅन मिगेलकडून पीबीएत आला, मग अलास्का, मग २०१२ पासून हिनेब्रा. त्या पहिल्या मोसमापासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. घोटा मुरगळला, ताप आला, बोट मोडलं, तरी तो उभा. आल्विन पात्रिमोनियोचा सलग ५९६ सामन्यांचा विक्रम त्याने मागे टाकला आणि पुढे मोजत राहिला. सहाशे, साडेसहाशे, सातशे. बास्केटबॉल धक्क्याचा खेळ आहे आणि तेनोरियो मैदानावरच्या सगळ्यांत बुटक्या माणसांपैकी. दर सामन्याला तो झाडांच्या राईत शिरायचा आणि बाहेर यायचा.

मार्च २०२३ च्या सुरुवातीला तो एका सामन्याला मैदानात उतरला नाही. आकडा ७४४ वर थांबला. आधी दुखापत असं ऐकायला मिळालं. मग २१ मार्चला त्याने स्वतःच जाहीर केलं की मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, तिसऱ्या टप्प्यातला. शस्त्रक्रिया झाली आहे, आता केमोथेरपी. त्याचं वय तेव्हा अडतीस.

त्या संध्याकाळी खानावळीत टीव्हीचा आवाज नेहमीएवढाच होता, पण कुणी बोलत नव्हतं. मला तोवर हा आकडा नुसता विक्रम वाटायचा, वर्तमानपत्रातल्या चौकटीत छापण्यासारखा. त्या दिवशी त्याचा दुसरा अर्थ कळला. ७४४ वेळा हजर राहणं हे गुण काढण्यापेक्षा वेगळं काम आहे. गुण एखाद्या रात्री नशिबानेही मिळतात. सकाळी उठून दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधायची, सरावाला जायचं, कधी जिंकायचं, कधी हरायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच, सोळा मोसम. तिथल्या लोकांना हे कळत होतं, कारण त्यांचंही आयुष्य तसंच आहे. पहाटे तीनला उठून दोन जीपनी आणि एक ट्रेन बदलून कामावर येणारी माणसं ती. कुणाचा नवरा जहाजावर, कुणाची आई हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरात मुलं सांभाळते. हजर राहणं त्यांना शिकवावं लागत नाही. जावोर्स्की टाके घालून परत आला म्हणून ते या संघाचे झाले. ब्राउनली दर वर्षी परत आला म्हणून तो त्यांचा झाला. तेनोरियोने तर परत यावं लागेल असं सोळा वर्षं केलंच नाही, कारण तो गेलाच नव्हता.

त्याच्याशिवाय हिनेब्राने उपांत्य फेरीत सॅन मिगेलला सलग तीन सामन्यांत हरवलं. अंतिम फेरी टीएनटीशी, सुरुवात ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी. टीएनटीकडे रोंडे हॉलिस-जेफरसन होता, एनबीएतून आलेला, दमायचंच नाही असं ठरवून खेळणारा. हिनेब्रा २-१ ने पुढे होता. मग टीएनटीने सलग तीन सामने जिंकले आणि करंडक नेला. ब्राउनलीने पीबीएत सहा अंतिम मालिका खेळल्या होत्या आणि सहाही जिंकल्या होत्या. ही सातवी, आणि पहिली हार.

मला हा शेवट पटतो. वाईट वाटलं, पण पटतो. टीएनटी त्या महिन्यात खरंच चांगले खेळले, मिकी विल्यम्सने दूरवरून जे फटके मारले त्याला उत्तर नव्हतं. आणि पीबीएतला एक दोष मला तिथे असताना फार टोचायचा, तोही सांगते. बारापैकी सहा संघ दोन उद्योगसमूहांचे. सॅन मिगेल समूहाचे तीन, हिनेब्रा त्यातलाच. आणि टीएनटी, मेराल्को, एनलेक्स दुसऱ्या समूहाचे. चांगला खेळाडू कुठल्याही छोट्या संघात तयार झाला की फिरून फिरून या दोन घरांतच पोहोचतो. करंडकही बहुतेक त्यांच्यातच फिरतो. हिनेब्रावर जीव असणाऱ्यांनीसुद्धा हे बोलायला हवं, कारण समोर लढणाराच कुणी उरला नाही तर ‘नेव्हर से डाय’ म्हणायचं कुणासमोर?

पुढचं थोडक्यात. तेनोरियोचे उपचार पूर्ण झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा हिनेब्राच्या गणवेशात मैदानात उतरला. त्याआधी ऑक्टोबरात हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत, कोनच्याच हाताखाली, फिलिपिन्सने उपांत्य फेरीत यजमान चीनला ७७-७६ असं हरवलं. वीस गुणांची पिछाडी भरून काढली होती आणि शेवटचे दोन थ्री-पॉइंटर ब्राउनलीचे होते. अंतिम सामना जॉर्डनशी, आणि जॉर्डनकडून कोण, तर हॉलिस-जेफरसन, त्यालाही तोवर तिकडचं नागरिकत्व मिळालेलं. या वेळी ब्राउनलीची बाजू जिंकली, ७०-६०. १९६२ नंतर पहिल्यांदा फिलिपिन्सला आशियाई स्पर्धेतलं बास्केटबॉलचं सुवर्ण.

आणि एवढं होऊनही पीबीएच्या नियमात ब्राउनली आजही इम्पोर्टच आहे. देशाचं पारपत्र त्याच्याकडे आहे, देशाच्या गणवेशात त्याने सुवर्णपदक मिळवलंय, पण लीगमध्ये नागरिकत्व मिळालेला खेळाडू परदेशीच धरतात. म्हणून फिलिपाइन कप त्याला खेळता येत नाही. यावर खानावळीत तासन्‌तास वाद चालायचा. विरुद्ध बाजूचं म्हणणं मला कळतं. त्याला खेळू दिलं तर हिनेब्राचं पारडं फार जड होईल, उद्या श्रीमंत समूह नागरिकत्व मिळवून देऊन देऊन संघ भरतील, देशी उंच पोरांची जागा जाईल. ही भीती खोटी नाही. पण मला विचाराल तर मी ब्राउनलीच्या बाजूने मत देईन. सगळ्यांसाठी दार उघडू नका, एका संघाला एकच आणि इतकी वर्षं या लीगमध्ये खेळलेलाच, असा नियम करा. आतेंचं मत मात्र माझ्याविरुद्ध होतं. फिलिपाइन कप आमच्या पोरांचा राहू दे म्हणायच्या, जस्टिनला बाकीच्या दोन आहेत की.